दिव्याच्या बटणामागील मुळशी

शाळेंत वीज शिकवितांना चुंबक, तांब्याची तार आणि जनित्र येथवर धडा पोहोंचतो व तेथेंच संपतो. तो आणखी थोडा मागें, मुळशीपर्यंत, न्यावयास हवा.

मुळा व निळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तें मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठीं. अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या कड्याखालीं भिऱ्यास सोडावयाचें व त्याच्या जोरावर चक्रें फिरवावयाचीं, ही योजना बुद्धिमानांची होती यांत शंका नाहीं. पण बुडणार होतीं तीं आंबेमोहर पिकविणारीं खाचरें. जमीन सक्तीनें संपादन करण्याची मुभा १८९४ च्या कायद्यानें दिलेली. मग मावळ्यांची संमति विचारतो कोण? १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापति’ झाले ते याच लढ्यांत. लढा १९२४ पर्यंत चालला; धरण मात्र थांबलें नाहीं, आणि १९२७ सालीं भिऱ्याची वीज वाहूं लागली.

कंपनी दुष्ट आणि शेतकरी भोळा, असें चित्र फळ्यावर काढणें शिक्षकास सोपें आहे. तें अपुरें आहे. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्यांतील अनेक मोबदला घेऊन मोकळे होण्यास राजी होते. खाचरांत राबणारा एक, पैसे मोजून घेणारा दुसरा! पुण्यांतील सुशिक्षित घरांतल्या मुलांपुढें ही गोष्ट मांडतांना शिक्षकाची जीभ अडखळते. तरी ती गाळूं नये.

वीज जिकडे गेली तिकडचीही हकीकत आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे लागले, तसा कामगाराचा दिवस सूर्यास्ताबरोबर संपेनासा झाला. तास चौदा-पंधरापर्यंत चढले. १९११ च्या कायद्यानें पुरुषांचे तास बारांवर व १९२२ च्या कायद्यानें अकरांवर आणले. या गिरण्यांचें सूत एके काळीं चीनपर्यंत जाई. तें कातणारा बहुधा कोंकणांतला किंवा देशावरचा शेतकरीच, घरच्या तुकड्यावर पोट न भरल्यामुळें आलेला.

शाळांच्या सहली मुळशीच्या तलावावर जातातच. तेथें धरणापूर्वींचा व नंतरचा नकाशा शेजारीं-शेजारीं ठेवून कोणतीं गांवें हललीं हें मुलांकडून शोधवावें, आणि काठावरील एखाद्या वृद्धास बोलतें करावें. डबे त्यानंतर उघडावेत.