सतरावी मात्रा

(कसबा पेठेतील वसंतकालीन व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. जाहीर केलेला विषय : सामुदायिक महाविद्यालय – संगणक, नृत्य आणि बालशिक्षण)



पत्रिकेवरचा विषय वाचून माझी भाची म्हणाली, "मावशी, तीन तिघाडा, काम बिघाडा." संगणकाचा नाचाशी काय संबंध, आणि दोन्हींचा बालवाडीशी काय? इथेही पुष्कळांच्या मनात हेच असणार. पुण्यात मनातलं चेहऱ्यावर दिसतं, विचारावं लागत नाही. (हशा)

सामुदायिक महाविद्यालय म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊकच आहे. अमेरिकेत जोलिएट गावी १९०१ साली असं पहिलं कॉलेज निघालं, आपल्या देशात पुदुच्चेरीला १९९५ साली, आणि २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने योजना आणली. प्रमाणपत्र, पदविका, कामापुरतं शिक्षण, वयाची अट नाही. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ साली, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. पुणेकरांना हे सांगणं म्हणजे कसब्यात येऊन कसबा गणपतीचा पत्ता सांगणं. पुढे जाते.

तिन्ही विषय आपल्याला परके नाहीत. 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ मध्ये पुण्यातच तयार झाला. २००१ मध्ये संगणक शिकवणारी एमकेसीएल निघाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या पाट्या गल्लीबोळांत लागल्या. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' काढली आणि पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत घुंगरू आले. बालशिक्षणासाठी ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावं, म्हणून अंगणवाडी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे तिन्ही वर्ग एका छपराखाली, एकाच वेळी, शेजारी शेजारी भरले पाहिजेत. सोयीसाठी म्हणत नाही. ते एकमेकांना शिकवतात म्हणून म्हणते.

यावर एक गोष्ट सांगते. पाच मिनिटांची आहे. (अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात. हशा.) बरं, सात.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी संध्याकाळी सहा ते आठ संगणकाचा वर्ग घेत असे. संस्थेचं नाव घेत नाही. एका शाळेच्या तीन खोल्या मिळाल्या होत्या. मधल्या खोलीत मी, डावीकडे कथक, उजवीकडे बालवाडीच्या बायांचं प्रशिक्षण. भिंती पातळ. मी 'फाइल सेव्ह करा' म्हणायला आणि पलीकडून बारा जोड्या घुंगरू वाजायला एकच गाठ पडायची. मी तीन लेखी तक्रारी केल्या होत्या, हे कबूल करते.

माझ्या वर्गात तांबट आळीतले एक काका होते. साठी ओलांडलेली, उजव्या हाताच्या बोटांना घट्टे. बंबाला आता गिऱ्हाईक नव्हतं, पण ठोके मारून केलेल्या मठारकामाच्या ताटल्या-तांब्यांना हॉटेलवाल्यांकडून मागणी होती, आणि त्यांना बिलं छापून द्यायची होती. त्यांनी छोटा प्रोग्रॅम लिहिला : सोळा तपेल्यांच्या सोळा ओळी छापायच्या. छापून आल्या पंधरा.

चूक साधी होती. एकपासून मोजायला लागायचं आणि 'सोळापर्यंत' म्हणायचं, तिथे त्यांनी 'सोळापेक्षा कमी' लिहिलं होतं. संगणकाच्या धंद्यात हा एकचा घोळ रोजचा आहे. मोजणी शून्यापासून करावी की एकपासून, आणि शेवटचा आकडा धरावा की सोडावा, यावर डायक्स्ट्रासारख्या मोठ्या डच शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये खास टिपण लिहिलं. आपणही सुटलेलो नाही. सात दिवसांना आपण आठवडा म्हणतो. 'आठ दिवसांनी या' म्हटलं की पाहुणा सातव्या दिवशी दारात उभा! (हशा) आजचा दिवस धरायचा की नाही, एवढाच तो घोळ.

मी फळ्यावर सगळं समजावलं. काकांनी मान डोलावली. न समजलेला माणूस डोलावतो तशी. तेवढ्यात पलीकडून कथकच्या बाई ओरडल्या, "सम चुकली! पुन्हा!" आणि मुली तिहाई म्हणू लागल्या.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं. जरा करून बघू या. तीनताल, सोळा मात्रा. टाळी एक, पाच आणि तेराला, नऊला खाली, म्हणजे टाळी नाही. आता पाच मात्रांचा तुकडा घ्या : तिग, दा, दिग, दिग, थेई. एक मात्रा थांबा. पुन्हा पाच. एक थांबा. पुन्हा पाच. चला, पहिल्या मात्रेपासून.

(श्रोते टाळ्या देऊन म्हणतात. अर्धं सभागृह एक मात्रा आधी संपतं. हशा.)

डावीकडच्या मंडळींनी थांबायची मात्रा खाल्ली. पाच त्रिक पंधरा आणि मधल्या दोन, झाल्या सतरा. ताल सोळाचा. मग सतरावी कुठली? सतरावी म्हणजेच पुढच्या आवर्तनाची पहिली. म्हणजे सम.

काका बाकावर बोटाने ठोके देत ऐकत होते. म्हणाले, "बाई, ताल सोळाचा, मग पोरी सतराव्याला का थांबतात?" मला सांगता येईना. एमएस्सी झालेली मी, गप्प.

दुसऱ्या दिवशी ते अर्धवट मठारलेला तांब्या घेऊन आले. गळ्याखाली ठोक्यांची एकच ओळ होती, तांबं अजून लालसर, पॉलिश न केलेलं. तो माझ्या हातात फिरवत ते म्हणाले, "हे बघा. पट्टीवर सोळा ठोके मारले तर मधल्या फटी पंधरा. भांड्यावर फिरवत मारले तर फटीही सोळाच, कारण शेवटचा ठोका पहिल्याच्या शेजारी येऊन बसतो. तुमचं बिल पट्टी आहे. पोरींचा ताल भांडं आहे. मी बिलाला भांडं समजत होतो."

त्यानंतर त्यांचं बिल कधी चुकलं नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण बालवाडीच्या प्रशिक्षणातल्या एक बाई पाणी प्यायला आल्या होत्या. त्यांनी तो तांब्या पाहिला आणि पुढच्या आठवड्यात मुलांना दोन खेळ दिले. सोळा मुलांनी फेर धरायचा आणि हातांच्या गाठी मोजायच्या : सोळा. मग त्याच मुलांनी आगगाडी करायची : गाठी पंधरा. एक मुलगी रडायला लागली, "माझी गाठ कुणी घेतली?" (हशा) चार वर्षांच्या त्या पोरीने जो प्रश्न विचारला, तोच माझे विद्यार्थी परीक्षेत विचारत नाहीत आणि नापास होतात.

मागच्या रांगेतले एक गृहस्थ मान हलवताहेत. बाई, असे योगायोग एखादेच, असं तुम्हाला म्हणायचंय ना? मान्य. पण योगायोग व्हायला माणसं एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात लागतात. तीन इमारतींत तीन वर्ग ठेवले तर एखादाही होणार नाही.

कारण पुढे नेमकं तेच झालं. माझ्या तक्रारींची दखल घेतली गेली. संगणक वातानुकूलित खोलीत गेला, नदीपलीकडे. नृत्य रविवारी सकाळी. बालवाडीचं प्रशिक्षण तिसरीकडे. गोंगाट थांबला. काका आले नाहीत. दुकान बंद करून नदीपलीकडे जाऊन यायचं म्हणजे दीड तास, आणि तो त्यांचा ठोकायचा वेळ. माझ्या तीन पत्रांनी जे केलं, त्याची भरपाई म्हणून मी गेली अनेक वर्षं मिळेल त्या व्यासपीठावर हेच भाषण करते. काहींनी ते आधी ऐकलंय, त्यांनी क्षमा करावी.

(चिठ्ठी येते.) "दोन मिनिटे." बरं. धोरणाबद्दल बोलायचं राहिलं, फी आणि मान्यतेबद्दलही. एकच सांगते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका आहे. उत्तम. पण ते बरंचसं दूरचित्रवाणी आणि स्मार्टफोनवरून, प्रत्यक्ष भेट महिन्यातून निदान एकदा. अहो, फेर कुणाचा हात धरून धरायचा? मोबाइलचा? सेविकेला आधी स्वतःला टाळी देता आली पाहिजे, आणि ती शेजारच्या खोलीत शिकायला मिळते.

तेव्हा मागणी लहान आहे. नवी इमारत नको, उद्घाटन नको. दिवसा भरणाऱ्या शाळेच्या लगतच्या तीन खोल्या, संध्याकाळी सहा ते आठ, घरापासून चालत जाता येईल अशा. भिंत पातळ असली तर उत्तम.

घरी जाताना वाटेत शाळा लागेल. तिच्या फाटकाला कुलूप असेल, तर उद्या सकाळी जाऊन किल्ली कोणाकडे असते ते विचारा, आणि मला कळवा. मी पुढच्या आठवड्यात येते. सातव्या दिवशी.