घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन पावले, तेव्हा डॉक्टरांनी एका आजाराचं नाव घेतलं: स्लीप अ‍ॅप्निया.

या आजारात मोठ्यानं घोरणारा माणूस एकाएकी गप्प होतो. छाती हलते, पण घशाचे सैलावलेले स्नायू वाट अडवतात. हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी तीस. मग गुदमरल्यासारखा हिसका आणि पुन्हा घोरणं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. शेजारी जागणाऱ्या बायकोला मात्र सगळं ठाऊक असतं. डॉक्टरांकडे तिलाही न्यावं.

सकाळी डोकं जड, गाडी चालवताना डुलकी, गोळ्यांनाही न जुमानणारा रक्तदाब, ही लक्षणं अंगावर काढू नयेत. निदानासाठी रात्रीच्या झोपेची तपासणी होते. उपचारासाठी मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र १९८१पासून ज्ञात आहे. ते रोज लावावं लागतं.