‘स्ट्राइक’ : शीड उतरविणाऱ्यांचा शब्द

(मांडवा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल संध्याकाळी धक्क्यावर उभा असताना एका तरुण खलाशाने मला विचारले, “सर, विमानांनी बॉम्ब टाकले की पेपरात ‘स्ट्राइक’ येते आणि कामगारांनी काम थांबविले तरी ‘स्ट्राइक’च येते. म्हणजे संप ही मारामारीच का?” अर्थशास्त्र शिकविण्यात माझा जन्म गेला, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. आजचे भाषण हे त्याचे उत्तर आहे.

इंग्रजी कोशात या शब्दाचे अर्थ पानेच्या पाने भरतील इतके आहेत. काडी ओढून पेटविणे, घड्याळाने ठोके देणे, यादीतून नाव खोडणे, तंबू मोडून गुंडाळणे, या सर्वांना हाच एक शब्द. मूळ जुन्या इंग्रजीत मात्र त्यात प्रहार नव्हता. हात अलगद फिरविणे, घासणे, पुढे सरकणे एवढाच त्याचा आशय होता. ठोसा त्यात मागाहून शिरला. आपल्या कामाचा अर्थ तिसराच, आणि तो समुद्रावरचा आहे : शीड खाली घेणे.

१७६८ साली लंडनमध्ये धान्य महागले होते आणि मजुरी होती तिथेच होती. थेम्स नदीवरील व्यापारी जहाजांच्या खलाशांनी तेव्हा जहाजांची शिडे उतरविली आणि मजुरी वाढल्याखेरीज ती चढविण्यास नकार दिला. जहाज मालकाचे, माल व्यापाऱ्याचा. पण शीड चढविणारे हात खलाशांचे. ते हात थांबताच सारा व्यापार नदीत उभा राहिला. त्याच वर्षी टोप्या बनविणाऱ्या कारागिरांनी काम थांबविले, तेव्हा त्यांच्या बाबतीतही हेच क्रियापद छापले गेले. टोपीवाल्याजवळ कुठले आले शीड? पण शब्द तोवर किनाऱ्यावर उतरून श्रमिकांचा झाला होता.

इतर भाषांची साक्ष पाहा. फ्रेंच भाषेत संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळूची पुळण. पॅरिसमध्ये सीन नदीच्या अशा काठावरील चौकात बेकार मजूर कामाच्या शोधात जमत. त्या जागेचे नाव संपाला मिळाले. हिंदीतील ‘हडताल’मध्ये हाट आहे आणि ताला, म्हणजे बाजाराला लागलेले कुलूप. आपला ‘संप’ शेजारच्या गुजरातीत आजही एकोपा याच अर्थाने वापरला जातो. यांपैकी एकाही शब्दात दुसऱ्यावर उगारलेला हात नाही. आहे तो आवरून घेतलेला स्वतःचा हात, आणि तोही इतरांसह.

हा आवरलेला हात स्वस्त नसतो. श्रम हा साठविता न येणारा माल आहे. बर्फाविना मासळी जशी रात्र काढीत नाही, तसा न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही. म्हणून संपाची पहिली झळ संपकऱ्याच्याच चुलीला लागते. याचा दाखला शोधायला लंडनला जाण्याचे कारण नाही. आपल्याच अलिबाग तालुक्यातील चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. तो १९३९ पर्यंत टिकला. शेते ओस पडली, माणसे रानातला लाकूडफाटा विकून जगली. पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती मात्र १९४९ च्या कायद्यानंतर. नांगर उचलून ठेवणे हेही शीड उतरविणेच होते.

याच पाण्याच्या पलीकडे, कुलाब्यास, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नाविक तळावरील हिंदी नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा यांविरुद्ध काम थांबविले. सरकारने त्याला बंड म्हटले. नौसैनिकांनी आपल्या समितीला संप समिती म्हटले. जहाजांवरचे ब्रिटिश निशाण त्यांनी खाली घेतले, आणि निशाण खाली घेण्यालाही इंग्रजीत ‘स्ट्राइक’च म्हणतात! बंड म्हटले की गोळी घालता येते, संप म्हटले की बोलणी करावी लागतात. नावाचा वाद हा असा जिवावरचा असतो.

तो वाद आज कायद्याच्या कलमांत चालू आहे. संसदेने २०२० साली संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘संप’ या शब्दाची व्याख्या रुंदावली. पन्नास टक्के वा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संप! संपापूर्वी चौदा दिवसांच्या सूचनेची अट १९४७ च्या कायद्यात सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती; संहितेने ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लावली. मालकाला तयारीला अवधी, आणि सूचनेनंतर समेटाची बोलणी सुरू झाली की ती चालू असेपर्यंत संपाला मनाई. शब्द रुंद झाला, हक्क अरुंद झाला.

१९३८ साली मुंबई सरकारच्या औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना आंबेडकरांनी दाखवून दिले होते की संप हा फार तर करारभंग ठरेल, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे ही गुलामगिरीच होय. त्या युक्तिवादाला आजही कोणी समर्पक उत्तर दिलेले नाही.

तेव्हा त्या तरुण साथीला माझे उत्तर असे : नाही, बाळा, संप ही मारामारी नव्हे. तुझ्याच पेशातील माणसांनी अडीचशे वर्षांपूर्वी तो शब्द घडविला. आता संहितेतील ती व्याख्या मराठीत उतरवून घे, आणि पुढच्या बैठकीत धक्क्यावरच्या आपल्या सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखव.