चित्रकथेच्या मूळ पानाचे मोल

चित्रकथांची मूळ पाने जमविणाऱ्याजवळ भावांची वही असावी. एर्जे यांनी टिनटिनच्या ‘द ब्लू लोटस’साठी १९३६ साली रंगविलेले, पण छपाई महाग पडते म्हणून न वापरलेले मुखपृष्ठ जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला लिलावात विकले गेले. बोली थांबली सुमारे २६ लाख युरोंवर. खरेदीदाराला मोजावे लागले सुमारे ३२ लाख, कारण लिलावगृहाचे शुल्क वेगळे. बातम्यांत बहुधा मोठाच आकडा झळकतो. वहीत दोन्ही हवेत. विक्रेत्याच्या यादीतील किंमत तर निव्वळ मागणी! आणि न खपलेले पान यादीतून मुकाट्याने नाहीसे होते. आम्हां सरकारी नोकरांना कोरा रकाना खपत नाही. येथे मात्र तोच सर्वांत बोलका. त्यापुढे तारीख घालून ठेवावी. वर्षभराने तेच पान चढ्या भावाने पुढे आले, तर घासाघीस करताना ती उपयोगी पडते.