प्रांगणाचा वज्रलेप : कोठे, केव्हा आणि कशासाठी

(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त भरलेल्या ग्रामसभेतील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, गाभारा आणि सभामंडप यांकडे सर्वांचे लक्ष जाते. भाविकाचा पहिला पाय मात्र पडतो तो प्रांगणात. पालखी तेथेच फिरते, महाप्रसादाच्या पंगती तेथेच बसतात आणि आता दर्शनाला येणाऱ्यांच्या मोटारीही तेथपर्यंत येतात. पूर्वी ही जागा सारवलेली असे, नाहीतर दगडी फरशीची. आता बहुतेक गावांत ती काँक्रीटची होते. काँक्रीट झाले की लगेच पुढचा प्रश्न निघतो : यावर इपॉक्सीचा लेप द्यावा काय?

चऱ्होलीत हा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. पण त्याआधीपासूनच येथील अनेक घरांतील माणसे भोसरी, आकुर्डीच्या कारखान्यांत कामाला जात होती, पुढे चाकणलाही जाऊ लागली. कारखान्यातील हिरवी-करडी, आरशासारखी जमीन त्यांनी रोज पाहिली आहे. तीवर तेल सांडले तरी फडक्याने पुसले जाते, धूळ बसत नाही, झाडू सरसर फिरतो. तशीच जमीन देवाच्या दारी असावी, असे कोणाला वाटले तर त्यामागे श्रद्धाच आहे. परंतु कारखान्याच्या जमिनीवर छप्पर असते, देवळाच्या अंगणावर आकाश असते. सगळा फरक या एका गोष्टीत आहे, आणि देणगीचा पैसा सत्कारणी लागतो की पहिल्या दोन पावसाळ्यांत सोलून निघतो, हेही त्यावरच ठरते.

लेपाची जुनी परंपरा

वास्तूला लेप देण्याची कल्पना परकी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात 'वज्रलेप' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कच्ची कवठे, कच्ची टेंभुर्णीची फळे, सावरीची फुले, धामणीची साल, वेखंड अशा वस्तूंचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल आदी द्रव्ये मिसळावीत आणि तो लेप गरम असतानाच मंदिर, मूर्ती, भिंती व विहिरी यांना लावावा, असे त्यात सांगितले आहे. राळ, बिब्बा, जवस ही नावे खेड्यातील कोणत्याही आजीबाईला ठाऊक आहेत. चिकट, पाणी न शिरू देणारे आणि वाळल्यावर कठीण होणारे द्रव्य हवे, हे त्या काळीही लोकांना कळले होते.

गंमत अशी की, आजच्या इपॉक्सीलाही या परंपरेचे दूरचे नाते आहे. इपॉक्सी घट्ट करणारी काही रसायने काजूच्या टरफलातील तेलापासून तयार होतात, आणि काजू व बिब्बा हे एकाच कुळातील वृक्ष आहेत.

वज्रलेप हा शब्द अलीकडे पुन्हा सर्वांच्या तोंडी आला तो पंढरपूरमुळे. श्री विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची झीज थांबविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी जून २०२० मध्ये लेप दिला. त्यापूर्वीही १९८८, २००५ आणि २०१२ साली असे काम झाले होते. या सनावळीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. छताखाली, देखरेखीत असलेल्या मूर्तीचा लेपही काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. मग उघड्यावरचा लेप एकदा दिला की कायमचा, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

इपॉक्सी म्हणजे काय?

घरोघरी तुटकी वस्तू चिकटवण्यासाठी दोन नळ्यांतून येणारे अराल्डाइट वापरतात, तेच इपॉक्सी. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने ते १९४६ साली बाजारात आणले. एका नळीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारे द्रव्य. दोन्ही एकत्र येताच रासायनिक क्रिया सुरू होते आणि नव्या जातीचा कठीण पदार्थ तयार होतो. तैलरंगासारखे ते नुसते वाळत नाही. म्हणून दोहोंचे प्रमाण कारखान्याने दिले असेल तेच पाळावे लागते. लवकर घट्ट व्हावे म्हणून दुसऱ्या डब्यातले थोडे जास्त घातले, तर लेप कायमचा चिकट किंवा ठिसूळ राहतो. कालविलेले मिश्रण साधारण अर्ध्या तासात संपवावे लागते, उन्हात त्याहूनही लवकर.

इपॉक्सीची ताकद महाराष्ट्राने एका मोठ्या प्रसंगी पाहिली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला तडे गेले. अभियंत्यांनी त्या तड्यांत दाबाने इपॉक्सी भरून ते सांधले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. भिंत पोलादी तारांनी ताणून बांधली आणि पुढे पाठीमागून काँक्रीटचे जाड टेकू देऊन ती बळकट केली. इपॉक्सीने सांधायचे काम केले, भार उचलायचे काम काँक्रीटने केले. ज्याचे काम त्याने करावे, हा नियम प्रांगणालाही लागू आहे.

येथील ऊन, येथील पाऊस

काँक्रीटला लेप देण्याची पद्धत थंड देशांत फार रुळली. तेथे घरापुढच्या मोटारीच्या वाटेवर बर्फ पडते. काँक्रीटच्या छिद्रांतले पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि आतून ढलप्या काढते. बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ आणखी घात करते. तिकडचा लेप या दोन शत्रूंविरुद्ध असतो.

चऱ्होलीत बर्फ नाही. येथील शत्रू निराळे. शेजारच्या लोहगावच्या वेधशाळेत उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. उघडी जमीन हवेहून कितीतरी अधिक तापते. साध्या इपॉक्सीला ५०-६० अंशांच्या आसपास नरमपणा येऊ लागतो. अशा लेपावर तापलेल्या टायरची मोटार उभी राहिली, तर निघताना चाकाबरोबर लेपाचा पापुद्रा निघतो. शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडते, त्याची चकाकी जाते आणि वर खडूसारखी भुकटी सुटते.

मग जूनमध्ये पाऊस येतो आणि वर्षभराचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. इंद्रायणीकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तीवरील काँक्रीट त्याबरोबर हलते. खालच्या ओलाव्याची वाफ उन्हाने वर येऊ पाहते. वर लेपाचे झाकण असेल तर ती त्याला फोड आणते. फोड फुटला की तेथून पाणी आत शिरते आणि पुढे सोलणे सुरू होते. लेपाच्या नावाने बोटे मोडली जातात, पण बहुधा दोष खालून आलेल्या पाण्याचा असतो.

आधी काँक्रीट, मग लेप

म्हणून पहिला खर्च डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर करावा. काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून चांगला दाबावा. काँक्रीट एम-२५ प्रतीचे असावे. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला सर्व मिळून २५ लिटरांहून जास्त पाणी घालू नये. वाळूतला ओलावाही यात धरावा. गवंड्याला पातळ माल पसरायला सोपा वाटतो, पण जादा पाणी उडून जाताना छिद्रे ठेवून जाते.

शंभर फुटांस किमान एक फूट उतार ठेवावा आणि तो देवळाच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूस असावा. चार इंच जाडीच्या थरात आठ-दहा फुटांवर सांधे कापावेत. काँक्रीट आक्रसणारच, सांधा दिला नाही तर ते आपला सांधा आपणच पाडते, त्यालाच लोक तडा म्हणतात. सांध्यांत डांबरी किंवा रबरासारखा लवचीक मसाला भरावा.

आणि पाणी मारणे! भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख किंवा धातुमळी मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते. गोणपाट अंथरून किंवा मातीचे आळे करून हे काम गावातील तरुणांना श्रमदानाने करता येते. या दहा दिवसांच्या पाण्याची बरोबरी कोणताही महागडा लेप करू शकत नाही.

त्यानंतर किमान २८ दिवस जाऊ द्यावेत. लेप देण्यापूर्वी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर १६ तास ठेवावा. उचलल्यावर खाली दव जमलेले किंवा जमीन काळवंडलेली दिसली, तर काँक्रीट अजून ओले आहे, थांबावे. कलशारोहणाची तिथी जवळ आली म्हणून ओल्यावर लेप ओढण्याची घाई हेच अशा कामांतील सर्वांत मोठे नुकसान होय. तिथी पाळावी, लेप मागाहून द्यावा. देवाचे त्यात काही अडत नाही.

कोठे द्यावा, कोठे देऊ नये

इपॉक्सीला योग्य जागा मंदिर परिसरात आहेत. महाप्रसादाच्या स्वयंपाकघरात ताक, चिंच, लिंबू यांचा आंबटपणा काँक्रीट खातो आणि तेल त्यात मुरते. तेथे छताखाली इपॉक्सी उत्तम. नारळ फोडण्याची जागा आणि दिव्याच्या तेलाने चिकट होणारा आडोसा छताखाली असेल, तर तेथेही ते शोभेल. पण ओल्या-तेलकट जागी गुळगुळीत लेप घातक, म्हणून लेप ओला असतानाच वर बारीक गारगोटीची वाळू पेरावी.

उघड्या प्रांगणात अनवाणी प्रदक्षिणा होते. पावसात चकचकीत जमिनीवरून एखादी वृद्ध माउली घसरली, तर त्या चकाकीचा उपयोग काय? गडद रंगाची जमीन वैशाखात पाय भाजते, हेही ध्यानात ठेवावे. अशा जागी बिनरंगी, आत मुरणारे सिलेन-सिलोक्झेन जातीचे द्रव्य अधिक बरे. ते पृष्ठभागावर थर न करता छिद्रांच्या भिंतींना लागते. पावसाचे पाणी आत मुरत नाही, खालची वाफ मात्र बाहेर पडू शकते. जमीन खरखरीत राहते, दिसते पूर्वीसारखीच. काही वर्षांनी पाण्याचे थेंब मोत्यासारखे थांबेनासे झाले, की पुन्हा फवारावे. साचलेले पाणी आणि तडे यांवर मात्र त्याचा इलाज चालत नाही.

उघड्यावर रंगीत लेपच हवा असेल, तर इपॉक्सीचा पहिला हात आणि वर उन्हाला टिकणाऱ्या ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा हात, त्यात वाळू पेरलेली, अशी जोडी करावी. रंग फिका निवडावा. प्रथम यंत्राने घासून काँक्रीटवरचा सिमेंटचा साईसारखा कमकुवत थर काढावा आणि धूळ पूर्ण शोषून घ्यावी. काम दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत करावे. वर मांडव घालावा. त्याने दुपारच्या उन्हापासून आणि पहाटेच्या दवापासून, दोहोंपासून बचाव होतो. दव पडले तर ताज्या लेपावर दुधाळ, तेलकट साय धरते व पुढचा हात तिला चिकटत नाही. लेपाला पूर्ण बळ यायला सुमारे ७ दिवस लागतात. तोवर मोटारी आणि पंगती बाहेर. काम करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. काही लेपांतील द्रावण पेट घेते, म्हणून जवळ समई, उदबत्ती किंवा विडी पेटवू नये.

एक ठिकाण मात्र पूर्ण वर्ज्य मानावे : जुने दगडी बांधकाम. काळा दगड आणि चुन्याचे सांधे असलेल्या भिंतीत जमिनीतली ओल चढते आणि चुन्यावाटे बाहेर पडते. तिला इपॉक्सीने किंवा तैलरंगाने कोंडले, तर क्षार आतच साठतात आणि सांधा भुसभुशीत होतो. जुन्या दगडाला स्वच्छ करावे, चुन्याने सांधावे आणि मोकळे सोडावे. तेथे कोणताही लेप हवा असेल तर आधी जाणकार संवर्धकाला विचारावे.

देणगीदारांसाठी दोन शब्द

संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाते, त्यामुळे गाभाऱ्याला आणि कळसाला देणगीदार मिळतो. मुरुमाला, उताराला, पाण्याच्या नाल्याला सहसा मिळत नाही. पण टेकडीवरच्या श्री वाघेश्वराच्या या गावात पावसाचे पाणी वरून खाली कसे धावते, हे लहान मुलालाही माहीत आहे. त्या पाण्याला वाट करून देणाराही मंदिराचाच रक्षक होय. जीर्णोद्धाराच्या हिशेबात लेपाच्या रकमेबरोबर देखभालीची ठेवही बाजूला काढावी. दर वर्षी मृगाआधी नाले उपसावेत, सांधे तपासावेत, तडा दिसला तर तो लहान असतानाच भरावा.

शेणाने सारवलेले अंगण टिकत होते, कारण घरची बाई ते पुन्हा पुन्हा सारवीत होती. काँक्रीटचे अंगणही त्याच रीतीने टिकेल. डब्यातला वज्रलेप पैशाने आणता येतो. दर वर्षी वाकून तडा पाहणारी नजर गावानेच पुरवायची असते.