परक्या नगरात कोणती भाषा बोलावी?

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज नोकरीनिमित्त हैदराबादेस राहतात, आणि त्यांच्याकडे आपले जाणेयेणे वाढले आहे. तेथे कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; परंतु त्यात समोरच्या माणसाचा मान गुंतलेला आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

हैदराबाद हे एकाच भाषेचे नगर नव्हे. निजामाच्या संस्थानात तेलुगू, मराठी व कानडी असे तीन मुलूख होते. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन मराठवाडा तेथून निघाला, तरी कित्येक मराठी कुटुंबे त्या नगरातच राहिली. आज तेलंगणाची राजभाषा तेलुगू असून, २०१७ साली उर्दूस राज्यभर दुसऱ्या राजभाषेचे स्थान मिळाले.

अशा ठिकाणी माझ्या मते नियम एकच: पहिला शब्द त्या गावच्या भाषेत, पुढील संभाषण समोरच्यास सोयीचे असेल त्या भाषेत. दुकानदारास ‘नमस्कारम्’ म्हणावे, ‘एंत?’ म्हणून किंमत विचारावी, आणि तो कोणत्या भाषेत उत्तर देतो ते ऐकावे. वडीलधाऱ्याच्या नावानंतर ‘गारु’ लावावे. आपल्या ‘राव’सारखाच तो आदर होय. ‘अक्का’ हा शब्द तर आपल्याही घरचा आहे. चारमिनारजवळच्या बाजारात उर्दूने काम भागेल. पण वृद्धास ‘तुम’ न म्हणता ‘आप’ म्हणावे. समोरच्याचे न ऐकताच इंग्रजी सुरू करणे हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे. फळवाल्यास ती येत नसेल, तर आपण त्याला त्याच्याच गावात परका ठरवितो.

तसेच, ‘येथे मराठी कोणास कळते?’ अशा समजुतीने कोणाच्या समोर त्याच्यावर शेरे मारू नयेत. तेथील दखनी बोलीतील ‘नक्को’ हा आपलाच ‘नको’ आहे. शब्द जेथवर पोचले, तेथवर ते समजणारे कानही असतात.

शेवटी घरातील गोष्ट. बाहेर तीन-चार भाषा बोलणाऱ्या नातवंडांशी आजी-आजोबांनी मात्र मराठीच बोलावी. तेथील बाजार व बहुतेक शाळा ती शिकविणार नाहीत. आपण न दिली तर ती त्यांना कोण देणार?