शनिवारचे ताट, रविवारची धाव



१९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन पुरी करून आलेल्या काही धावपटूंचे रक्त तिथल्या डॉक्टरांनी तपासले. ज्यांच्या रक्तातली साखर फार उतरली होती, ते पांढरेफटक पडले होते, गळून गेले होते आणि भांबावलेही होते. पुढच्या वर्षी याच डॉक्टरांनी धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय अन्न खायला सांगितले आणि शर्यतीत मध्येमध्ये साखरेच्या गोळ्या दिल्या. या वेळी साखर टिकली आणि माणसे चांगल्या अवस्थेत शेवटापर्यंत पोचली. या गोष्टीला शंभर वर्षे झाली. तरीही आज आपल्याकडे नव्याने धावू लागलेला माणूस पहिले काम काय करतो, तर भात सोडतो, पोळी निम्म्यावर आणतो आणि रविवारी पहाटे रिकाम्या पोटी वीस किलोमीटर धावायला निघतो.

आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात पिष्टाचा एक साठा असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. स्नायूंत साधारण तीनशे-चारशे ग्रॅम, यकृतात शंभरच्या आसपास. १९६६ साली स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. दोघे एकाच सायकलला दोन बाजूंनी बसले आणि प्रत्येकाने फक्त एका पायाने, पार थकेपर्यंत पेडल मारले. मग तीन दिवस पिष्टमय आहार घेतला आणि सुईने मांडीच्या स्नायूचे कण काढून तपासले. श्रमलेल्या पायात विसावलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट साठा झाला होता. अन्न दोन्ही पायांना सारखेच मिळाले होते, पण ज्या स्नायूने कष्ट केले त्यानेच ते ओढून साठवले. भाताला, भाकरीला घाबरणाऱ्या धावपटूने हा प्रयोग आठवावा. बैठ्या माणसाला सांगितलेले पथ्य रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याने जसेच्या तसे उचलू नये.

रात्रभर झोपेत यकृतातला साठा बराच उतरतो. म्हणून रविवारच्या लांब धावेची तयारी शनिवारी रात्रीच्या जेवणात होते. आणि आपल्या कितीतरी घरांत शनिवार असतो उपासाचा! दिवसभर चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी, रात्री उशिरा उपास सोडताना दोन घास, आणि पहाटे धाव. पंधराव्या किलोमीटरला पाय जड झाले की सराव कमी पडला असे वाटते. प्रत्यक्षात जेवण कमी पडलेले असते. उपास हा श्रद्धेचा विषय आहे, तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण उपासाच्या ताटात काय नाही? भगर आणि दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याची भाकरी, केळी, दूध. हे दिवसभरात पोटभर खावे आणि संध्याकाळी उपास लवकर सोडून वरण-भात-तूप, मऊ भाजी असे साधे, ओळखीचे जेवण घ्यावे. पहाटे निघण्यापूर्वी एक केळे किंवा जॅम लावलेला पाव पुरतो. धाव दीड तासाहून लांबणार असेल तर वाटेत तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट लागते. मध्यम केळ्यात ते पंचवीसेक ग्रॅम असते. जेलची पाकिटे वाईट नाहीत, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा फोडू नयेत.

धावून आल्यावरचा तास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण नोकरी करणाऱ्या माणसाचे नेमके तिथेच चुकते. साडेसातला घरी, आंघोळ, उभ्याउभ्या चहा आणि दोन बिस्किटे, मग लोकल किंवा बस, आणि थेट दीड वाजता डबा. स्नायू अन्न साठवायला सर्वांत उत्सुक असतात तेव्हाच त्यांना उपाशी ठेवले जाते. संध्याकाळी मग जी खा-खा सुटते, ती शरीराने केलेली वसुली असते. अशा वेळी स्वतःला दोष देऊ नये, सकाळची न्याहारी वाढवावी.

न्याहारीसाठी पोहे उत्तम. मात्र बशीभर पोह्यांत प्रथिने असतात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. त्यावर मूठभर भाजलेले दाणे घातले आणि सोबत पेलाभर दूध घेतले की वीस ग्रॅमच्या घरात जाता येते. अंडी खाणाऱ्यांनी दोन उकडून घ्यावीत. साध्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात असे आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला बहात्तर ते शहाण्णव ग्रॅम. पातळ वरणावर ही बेरीज होत नाही. मटकीची, हरभऱ्याची, चवळीची उसळ रोज हवी, दही हवे, पिठले हवे, खाणाऱ्यांना मासे हवेत. रविवारच्या कट्ट्यावरची मिसळही मी नाकारत नाही. मोड आलेली मटकी अस्सल अन्न आहे, फक्त तर्री बेताची घ्यावी. दहा किलोमीटर धावून साठ किलोचा माणूस सहाशेच्या आसपास कॅलरी खर्च करतो, आणि मिसळीनंतर भजी, जिलबी असे होत गेले तर ती गंगाजळी टेबलावरच संपते.

पाण्याबद्दल थोडे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यांतल्या तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर कमी झाले होते. त्यात बरेच जण सावकाश धावणारे, वाटेत भरपूर पाणी पिऊन वजन वाढवून आलेले होते. म्हणजे धोका आपल्यासारख्या हौशी मंडळींनाच अधिक. तहानेप्रमाणे प्यावे. धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहावे: एक किलो घटले तर साधारण लिटरभर पाणी गेले, आणि वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले. घरी आल्यावर मिठाचे ताक किंवा मीठ-साखर घातलेले कोकम सरबत घ्यावे.

आता लोहाकडे येतो. इथे जरा थांबणार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे चोपन्न टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याच स्त्रियांतल्या कितीजणी आज पहाटे टेकडीवर, रस्त्यावर, समुद्रकिनारी धावताना दिसतात, आणि ते पाहून मन भरून येते. पण धावण्याने लोहाची गरज वाढते. पावलांच्या आघाताने काही तांबड्या पेशी फुटतात, घामातून थोडे लोह जाते, आणि जोरदार व्यायामानंतर काही तास हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढून आतड्यातले लोहाचे शोषण कमी करते. त्यात भर पडते चहाची. पोह्यांतले, पालेभाजीतले लोह मुळातच कमी शोषले जाते. लिंबू पिळले की ते वाढते. जेवणासोबत चहा घेतला तर शोषण निम्म्याहूनही खाली गेल्याचे प्रयोगांत दिसले आहे. चहा सोडायला नको, न्याहारीनंतर तासाभराने घ्यावा. एवढ्या एका बदलाला पैसा लागत नाही.

शिवाय मासिक पाळी लांबली, थांबली, तर ती तंदुरुस्तीची खूण समजू नये. खाणे खर्चाला पुरत नाही म्हणून शरीराने केलेली ती काटकसर असते, आणि तिची किंमत हाडे मोजतात. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडून महिनोनमहिने घरी बसावे लागते. पुरुषांतही हे घडते, फक्त तिथे सांगायला पाळी नसते. सतत थकवा, चिडचिड, मंदावलेली गती जाणवली तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासावे, शाकाहारी असाल तर बी-१२ ही पाहावे. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत, जास्तीचे लोह शरीराला बाधते.

आणि एक विनंती घरातल्या इतरांना. पहाटे धावून आलेली बाई आठ वाजता ओट्यापाशी उभी राहून सगळ्यांचे डबे भरते आणि स्वतः साडेदहाला उरलेले खाते, हे मी फार ऐकले आहे. तिच्या आहाराचा तक्ता कितीही चांगला आखला तरी या दोन-अडीच तासांपुढे त्याचे काही चालत नाही. ज्या दिवशी ती धावते त्या दिवशी पोह्यांची फोडणी दुसऱ्या कोणीतरी घालावी, दाणे जास्त टाकावेत, लिंबू चिरून ठेवावे, आणि पहिली बशी तिला द्यावी. चहा त्यानंतर तासाभराने टाका.